गोठ्यातला साखरपुडा

माझ्या व्याह्यांइतका हट्टी माणूस गाझियाबाद ते फरीदाबाद या पट्ट्यात दुसरा सापडला, तर त्याचा सत्कार मी स्वखर्चानं करीन. पंप-मोटारींचं दुकान मी शून्यातून उभं केलं, ते घासाघीस करूनच. भल्याभल्यांना खाली आणलं. हा गृहस्थ मात्र तसूभर हलला नाही, आणि तो राग अजून माझ्या पोटात आहे.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात. यांनी फरीदाबादच्या टोकाला गाई पाळल्या. ऊन तापलं की यांच्या खोलीतला कूलर बंद आणि गोठ्यात भलेमोठे पंखे चालू. आधी गाईंच्या पाठीवर पाणी, मग वारा, मग पुन्हा पाणी. मधूनच स्वतः ओला बनियन घालून गाईंच्या रांगेत बसतात. "वारा पुरत नाही हे गाय थोडीच सांगणार? आपणच बघायचं," म्हणतात. पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी गोठ्यात नेऊन गाईची बरगडी दाखवतात. "बघा, श्वास कसा संथ!" जणू मुलाचा रिझल्ट.

यांच्या मुलाशी माझ्या लेकीचा साखरपुडा ठरला, तोही ऐन मेमध्ये, यांच्याच घरी. मंडळी जमली आणि वीज गेली. जनरेटर लहान, एक तर घरातले एसी चालतील, नाहीतर गोठ्यातले पंखे. व्याह्यांनी बेधडक गोठ्याचं बटण दाबलं. मी तावातावानं मागोमाग गेलो.

"व्याही, मुलीकडची माणसं उकडून मरतायत!"

"माणूस घाम गाळून सुटतो. गाईला तेवढा घाम येत नाही. त्यात ही गाभण आहे, दिवस भरत आलेत."

"बरं, अर्धा तास घराला, अर्धा तास गोठ्याला."

"बिल्कुल नाही."

"निदान पाव तास?"

"यार, दुकानात आहात का? तिची जीभ बाहेर आलीय. पाइप धरा."

"मी हे लग्न मोडीन!"

"मोडा. आधी पाइप धरा."

नव्याकोऱ्या रेशमी कुर्त्यात मी गाईच्या पाठीवर पाणी मारत राहिलो. तोवर मंडळीच वारा शोधत खुर्च्या घेऊन गोठ्यात आली, आणि अंगठ्या शेणाच्या वासात चढल्या. एकाही फोटोत मी कोरडा नाही. मुलाचे वडील तर फोटोतच नाहीत. ते गाईपाशी उकिडवे बसून तिची बरगडी बघत होते. हळूहळू तिनं जीभ आत घेतली, खाली बसली, रवंथ करू लागली. तेव्हा कुठे त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. तो नुसता घाम होता का, मी विचारलं नाही.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "अहो, मोडणार होतात ना?"

मी मागे पाहिलं. लेक खिडकीला डोकं टेकून झोपली होती. सकाळपासून थकली असणार, पण ही तोंडानं कधी सांगायची नाही.

"राहू दे," मी आवाज खाली आणून म्हणालो. "लग्न मात्र थंडीत धरू. तोवर पोर राहील आपल्याकडे."