समुद्रातल्या बाळंतिणीची ओटी

फौजेत गाडी चालवली, जयपूरला रिटायर झालो आणि विद्याधर नगरात दोन खोल्या घेऊन इथंच राहिलो. शाळा चौथीपर्यंत. बायको जाऊन पाच महिने झाले.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडं कॅनडाला गेलो होतो. तिनं समुद्रकाठी नेलं. खडकावर उभं राहतोय तोच समोर, दगड मारला तर लागेल एवढ्यावर, काळी पाठ वर आली. मग दुसरी. ऑर्का म्हणतात त्यांना, देवमाशासारखे असतात. अख्खं घरदार होतं. पुढं म्हातारी, मागं तिचा लेक, त्याच्या पाठीवर माणसाएवढा उभा पंख. एका मादीच्या कुशीला चिकटून पिल्लू. श्वास सोडला की ट्रकचा ब्रेक सुटावा तसा फुस्स आवाज.

"मतलब बाबा, मुलं केवढी पण मोठी झाली तरी आईबरोबरच राहतात," मुलगी म्हणाली.

बायकोचं लक्ष पिल्लावर. "अहो, ओली बाळंतीण दिसतीय. दाराशी आलीय, रिकामी कशी पाठवायची?" मुलीची ओटी भरायला आणलेली तांदळाची पुरचुंडी तिनं पिशवीतून काढली. चिमूटभर पाण्यात सोडणार होती.

मी खेकसलो. "अडाणी कुठली! गोरी माणसं बघतायत. ठेव आत."

तिनं ठेवली. मासे चांगले अर्धा तास दिसत होते. मी तेच बघत राहिलो, तिच्याकडं एकदाही वळलो नाही. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही.

परवा सकाळी चहा ठेवला होता, तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल. तिकडं संध्याकाळ. "बाबा, बघा ना, तीच फॅमिली आलीय!" फोनमध्ये पाणी हलत होतं. पिल्लू वाढलेलं, आईपासून हातभर लांब पोहत होतं.

पाच महिने विचारायची छाती होत नव्हती, ते विचारलं. "त्या दिवशी आई माझ्याबद्दल काय बोलली?"

"रागावणार नाही ना?"

"सांग."

"गाडीत तुम्हाला डुलकी लागल्यावर म्हणाली, पुढच्या वेळी यांना जयपूरलाच ठेवून येऊ."

मला हसू फुटलं. अशीच बोलायची ती. मग कळलं, ही तीच पुढची वेळ. मी जयपूरला, आणि खडकावर मुलगी एकटीच उभी.