भिंतीपासून चार फूट

आमच्या चाळीच्या अभ्यासिकेची किल्ली जिन्यावरून कधी खाली आली नाही. ती हवेतून यायची. अभ्यासिका तळमजल्यावर, मंडळाच्या खोलीत, आणि किल्ली सांभाळणारे मामा तिसऱ्या मजल्यावर. एक जुना टेनिसचा चेंडू कापून मामांनी त्यात चिंध्या भरल्या होत्या आणि चिंध्यांच्या पोटात किल्ली. गॅलरीच्या कठड्यावर त्यांनी ॲल्युमिनियमची एक पन्हळ बसवली होती, मागून स्टुलावर टेकवलेली, पुढून अगदी सपाट. "किल्लीऽऽ!" अशी हाक आली की खाली चालणारी माणसं निमूट बाजूला व्हायची. मग चेंडू पन्हळीतून घरंगळत कठड्याबाहेर निघायचा आणि सरळ पुढे झेप घेऊन खाली यायचा. ज्याला किल्ली हवी त्यानं खाली बालदी ठेवायची. कुठे ठेवायची, ते ज्यानं त्यानं गणित करून ठरवायचं. हात पुढे करायचा नाही. "हातानं झेलणं म्हणजे कॉपी," मामा म्हणत.

मामा हे कुणाचेच सख्खे मामा नव्हते. एका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभी हयात असिस्टंट म्हणून काढली, आणि कॉलेजातल्या असल्या माणसांना सगळी दुनिया मामाच म्हणते. चिंचपोकळीच्या आमच्या चाळीतही तेच नाव चिकटलं. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते लाइटच्या बिलावर, आणि हे कोण बुवा, असा प्रश्न पडला. कोणता विद्यार्थी लंबकाची दोरी मोजायला विसरणार आणि कोण व्हर्नियर उलटा धरणार, हे त्यांना पोरगं दारातून आत आल्याबरोबर कळायचं म्हणे. "प्रोफेसरांना उत्तरं येतात," ते सांगायचे, "मला पोरं कुठं चुकतात ते येतं."

मी कुठे चुकत होते हे शोधायला मात्र अनुभवाची गरज नव्हती. मी सगळीकडेच चुकत होते. अकरावीला फिजिक्सच्या पेपरात मला सत्तरपैकी नऊ मार्क पडले. नऊ! त्यातले दोन तर आकृतीला पट्टी लावून रेषा काढली म्हणून असावेत. फेरपरीक्षा जूनमध्ये होती. बाबा एका जहाज कंपनीच्या ऑफिसात क्लार्क होते, रागावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, ते फक्त निकाल द्यायचे. "हे बघ, फेरपरीक्षेत सुटलीस तर सायन्स. नाहीतर कॉमर्सचा फॉर्म भरायचा. वाया घालवायला आपल्याकडे जादा वर्षं नाहीत." मला सायन्स का हवं होतं हे तेव्हा धड सांगता आलं नसतं. आठवीत शाळेच्या प्रयोगशाळेत प्रिझममधून भिंतीवर रंग पडले होते, ते मला घरी घेऊन यावेसे वाटले होते, एवढंच. पण ते जाणार म्हटल्यावर मी ताटावरून उठून गेले.

आईनं मला हाताला धरून तिसऱ्या मजल्यावर नेलं. मी चांगलीच धुसफुसत होते. क्लासवाल्या सरांना जे जमलं नाही ते बनियनवर बसून शेंगा सोलणारा माणूस काय करणार? मामांनी मान वर करून एकच विचारलं.

"नापास?"

"हो."

"बरं झालं. बस."

आईला वाटलं, थट्टा करताहेत. पण मामांचा नियमच तसा होता. ते फक्त फेरपरीक्षेवाल्यांना शिकवायचे. शेजारच्या चाळीतला एक हुशार मुलगा 'थोडं पॉलिश' करायला आला, तर त्याला त्यांनी मूठभर शेंगा देऊन परत पाठवलं. "पास झालेल्यांना शिकवायला अख्खी मुंबई बसलीय. त्यांना मी कशाला?"

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'आडवं', उजवीकडे 'उभं'. "फेकलेल्या वस्तूचं गणित एक नसतं, दोन असतात. तू दोघांची खिचडी करतेस म्हणून करपते." आडव्या बाजूला चेंडूला कुणी ओढत नाही, तो निघाला त्याच वेगानं चालत राहतो. उभ्या बाजूला पृथ्वी त्याला खाली खेचते. या दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. रेघ ओलांडायची परवानगी फक्त वेळेला. खाली पोचायला किती वेळ लागला ते उभ्यानं सांगायचं, आणि तेवढा वेळ आडव्यानं चालायचं. बस्स. हे मला क्लासात कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण क्लासात ते फळ्यावर होतं, आणि इथे मी रेघेच्या पलीकडे चुकून एक आकडा नेला की मामा पट्टीनं वहीवर टकटक करायचे. "पासपोर्ट दाखव त्याचा."

दुसरी सवय अंदाजाची. आकडेमोड सुरू करण्याआधी पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं अंदाज लिहायचा: किती लांब पडेल, किती वेळ लागेल. चुकला तरी चालेल, पण हवाच. माझे पहिले अंदाज इतके भयाण होते की तिसऱ्या मजल्यावरून सोडलेला चेंडू माझ्या मते भायखळ्याला पडत होता. म्हणून एका रविवारी सकाळी मामा मला शिवाजी पार्कला घेऊन गेले. फिरायला आलेले म्हातारे, कडेला नेट लावून बॅटिंग करणारी पोरं, आणि त्यांच्यामध्ये वही घेऊन उभी असलेली मी. पोरानं चेंडू उचलून मारला की तो हवेत असतानाच मी ओरडायचं, "तीस!" किंवा "पन्नास!" आणि मग मामांनी पावलं मोजत जायचं. सकाळभर हेच. एका फिल्डरनं शेवटी विचारलं, "अंकल, आप लोग सट्टेवाले हो क्या?" मामा खूश झाले. घरी परतताना म्हणाले, "आता तुझा चेंडू निदान मैदानात पडतो."

मोबाइलवर मी याच धड्याचे व्हिडिओही बघायचे. एकदा मामांना दाखवला. चष्मा पुसून त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, मान डोलावली. "सुंदर आहे. पण यात चेंडू एकदाही चुकत नाही. मग पोरं शिकणार कशी?"

माझा चेंडू चुकला तो दिवस चाळ विसरली नाही. मे महिन्याचा शेवट असेल. मामांनी सांगितलं, आज किल्ली तू घ्यायचीस. पन्हळीतून चेंडू सेकंदाला तीन मीटर वेगानं निघतो, हे त्यांनी मोजून ठेवलं होतं. उंची मी दोरी सोडून मोजली. पानावर रेघ मारली, अंदाज लिहिला, उभ्याकडून वेळ काढला, आडव्याला दिला. उत्तर आलं सव्वाचार मीटर. दोनदा तपासलं. मग टेप घेऊन अंगणात सव्वाचार मीटर मोजले, खडूनं फुली मारली आणि तिच्यावर बालदी ठेवली. वरच्या गॅलऱ्यांमधून माणसं वाकून बघत होती. तेवढ्यात "किल्लीऽऽ!" आलं.

चेंडू बालदीवरून ऐटीत निघून गेला आणि चांगला चार फूट पलीकडे पडला. तिथे सावंत आजींनी चादरीवर सांडगे वाळत घातले होते. चेंडू त्यात एकदा उडाला, दुसऱ्यांदा उडाला आणि निवांत गटारात जाऊन बसला. आजींनी वर बघून तोंडाचा पट्टा सोडला, "मेल्या, तुझो चेंडू माझ्या सांडग्यांत पडलो! म्हातारो झालंस तरी खेळ काय सुटत नाय तुझो!" सगळी चाळ हसत होती. मी एकटी रडत होते, कारण गणित बरोबर होतं. ते मला पक्कं माहीत होतं, आणि तरीही चेंडू चुकला होता. बरोबर करूनही चुकतंच असेल, तर कॉमर्स काय वाईट?

मामा तीन मजले उतरून खाली आले. गुडघे तेव्हाही कुरकुरत होते. त्यांनी वही बघितली, मग टेपचं टोक बघितलं. ते मी भिंतीला लावलं होतं. मामा अगदी हळू बोलले, आणि असं हळू बोलताना त्यांची भाषा आपसूक मालवणला जायची.

"गो बाये, चेंडू काय भिंतीतसून भायर इलो?"

मी वर पाहिलं. गॅलरी. चार फूट पुढे आलेली लाकडी गॅलरी, तिच्या कठड्यावर पन्हळ. आम्ही तळमजल्यावरचे. जन्मल्यापासून ती गॅलरी माझ्या डोक्यावरचं छप्पर होती, कुणाचा तरी घराबाहेरचा भाग आहे हे कधी मनातच आलं नव्हतं. मामा म्हणाले, "गणित शंभर टक्के बरोबर आहे. फक्त ते कुठून सुरू होतं ते बघायचं राहिलं." मग सावंत आजींच्या चादरीवरचे मोडके सांडगे ते एकेक करून वेचत बसले. आजी पुटपुटत होत्या, पण त्यांनीच मामांना पाणी आणून दिलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना विचारलं, तुम्ही नापासांनाच का शिकवता. मामांनी शेंगांची परडी बाजूला ठेवली. "मी बारावीला फिजिक्समध्येच गेलो. बापानं कॉलेजात चिकटवून दिलं, बाटल्या धुवायला. पुढे असिस्टंट झालो. तीस-बत्तीस वर्षं त्याच प्रयोगशाळेत पोरं बघितली. नापास होतात, पुन्हा बसतात, सुटतात, साहेब होतात. तेव्हा कळलं, पुन्हा बसता येतं. मला त्या वेळी कुणी सांगितलंच नाही गो." एवढं बोलून त्यांनी परडी पुन्हा मांडीवर घेतली. मीही शेंगा सोलायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात प्रश्न होता: चेंडू सेकंदाला वीस मीटर वेगानं, पंचेचाळीस अंशांच्या कोनात मारला, तर किती लांब पडेल? कोन दिसल्याबरोबर मी गारठले. मग पानावर मधोमध रेघ मारली. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं, चाळीस. आकडेमोड केली तर उत्तर आलं चारशे आठ. चारशे मीटर! म्हणजे शिवाजी पार्कच्या एका टोकाला बॅट फिरवायची आणि चेंडू दुसऱ्या टोकाला शोधायचा. तो सट्टेवाला फिल्डर डोळ्यांसमोर आला आणि परीक्षेच्या खोलीत मला हसू फुटलं. आकडेमोड पुन्हा वरपासून तपासली, तर एके ठिकाणी दशांशचिन्ह गायब. ते जागेवर ठेवलं, चाळीसच्या जरा वर आलं. त्या पेपरात मला एक्केचाळीस मार्क पडले. बाबांनी गुणपत्रिका दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "सायन्स." मामांनी विचारलं, "मार्कांचा अंदाज किती होता?" मी म्हटलं, तीस. "अंदाज अजून कच्चा आहे," ते म्हणाले, पण त्या दिवशी शेंगांबरोबर गूळही मिळाला.

पुढे मी बीएस्सी केलं, एमएस्सी केलं आणि आता परळजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवते. मधल्या काळात चाळ पाडली. आम्ही भाड्यानं दुसरीकडे गेलो, मामा अँटॉप हिलला लेकीच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेले. पत्र्यांच्या कुंपणामागे आता मोठा खड्डा आहे. मी तिथून जाताना फारशी बघत नाही. कॉलेजात फेरपरीक्षेवाल्यांचा वर्ग कुणालाच नको असतो, मी तो मागून घेते. पहिल्या दिवशी फळ्यावर मधोमध रेघ मारते आणि पोरांना विचारते, नापास का? बरं झालं, बसा. यंदा माझ्या वर्गातली सगळीच्या सगळी सुटली. ही बातमी फोनवर देण्यासारखी नव्हती.

मामांचे गुडघे आता पार गेलेत. लेक ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावते आणि एक किल्ली त्यांच्यापाशी ठेवते. इमारतीखाली उभी राहून मी फोन केला, तर वरून आवाज आला, "पिशवी आहे ना? ठेव खाली. वेग तोच, उंची तीच, मी दोरी सोडून मोजलीय." तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत, ग्रिलच्या फटीला टेकलेली तीच ॲल्युमिनियमची पन्हळ दिसत होती. माझ्याकडे टेप नव्हता, पण पावलं होती. सव्वाचार मीटर, अधिक चार फूट. आता काय ही चूक पुन्हा होणार होती? मी ऐटीत पिशवीचं तोंड उघडून ठेवलं आणि बाजूला झाले.

"किल्लीऽऽ!" आवाज पातळ झाला होता, पण सूर तोच.

चेंडू पिशवीच्या चार फूट अलीकडे पडला. टप्पा घेऊन माझ्या पायाशी आला.

वर मामा खिडकीच्या ग्रिलला धरून हसत होते, डोळे पुसत होते. "गो बाये, हय गॅलरी खंय आसा?"

मी भिंतीकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत सपाट. कुठेही काही पुढे आलेलं नाही. पाडलेल्या चाळीची गॅलरी मी एकटीच अजून मोजत होते. मी चेंडू उचलला, आणि मला हसू आलं. किल्ली हातात होती, वर जाता आलं असतं. पण खिडकीतून भाजी चढवायची दोरी खाली यायला लागली होती, टोकाला रिकामी पिशवी.

"चेंडू घाल त्यात," मामा ओरडले. "मॅडम, फेरपरीक्षा!"

मी चेंडू पिशवीत घातला. मग भिंतीला टाच लावून उभी राहिले आणि पहिल्यापासून पावलं मोजायला लागले.