दुपारचं पाणी

मी पनवेलच्या कॉलेजात अकरावी सायन्सला होतो तेव्हा बाबा गव्हाणच्या बाजूला एका मिठागरावर मुकादम होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे. मिठागर शेठचं, पण वाफ्यातलं पाणी कधी काढायचं ते बाबा ठरवायचे. खाडीचं पाणी उन्हात आटून दाट होतं आणि त्यात मीठ धरतं. मीठ धरल्यावर मागे उरलेलं पाणी वेळेत काढून टाकावं लागतं. उशीर झाला की त्यातला कडू क्षार मिठावर बसतो आणि वाफा वाया जातो.

ही वेळ बाबा बोटांनी ओळखायचे. तीन बोटं पाण्यात बुडवून अंगठ्याने चोळायचे. तेलासारखं बुळबुळीत लागलं की म्हणायचे, "काढा." एवढंच. मग बायका-माणसं फावडी घेऊन उतरायची. हे सगळं उजाडता उजाडता व्हायचं. दुपारी कोणी बोलावलं तरी ते पाण्यात हात घालायचे नाहीत. म्हणायचे, "पानी सकालचं बघाचं. दुपारचं पानी लबाडी करतं."

मला ते ऐकून हसू यायचं. त्या वर्षी आम्हाला द्रावणाचं कॉन्सन्ट्रेशन मोजायचे प्रकार शिकवले होते. मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणात पदार्थाचे किती मोल, मोलॅलिटी म्हणजे एक किलो द्रावकात किती. दोन्ही व्याख्या मला पाठ होत्या. त्यांच्याखाली सरांनी एक ओळ लिहून दिली होती: मोलॅरिटी तापमानानुसार बदलते, मोलॅलिटी बदलत नाही. चाचणीत ती ओळ मी जशीच्या तशी लिहिली आणि पूर्ण गुण घेतले. का बदलते, हा प्रश्न मला पडलाच नाही.

परीक्षा संपत आली होती. लॅबमधल्या शिपाईकाकांकडून मी एक हायड्रोमीटर चार दिवसांसाठी मागून आणला. द्रावणात उभी तरंगणारी काचेची नळी असते ती. द्रावण जितकं दाट, तितकी ती वर राहते, आणि नळीवरचा आकडा वाचायचा. कॉलेज सकाळचं. एसटीतून उतरून मिठागरावर पोचलो तेव्हा दोन वाजले होते. वाफ्यात पाय घातला तर चटका बसत होता.

"डाक्टर आला रं," एक मावशी टोपली उतरवत म्हणाली. "बघ, पान्याला ताप हाय का."

सगळे हसले. मला राग आला, आणि त्या रागातच मी नळी सोडली. आकडा वाचला. पुस्तकातल्या तक्त्याशी ताडून पाहिला. पाणी काढायला अजून दीड-दोन दिवस होते.

बाबांनी सकाळी बोटं बुडवली होती. त्यांच्या मते पाणी दुसऱ्या दिवशी पहाटेच काढायचं होतं.

"बाबा, अंदाजाने नको करू," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "हे मोजलेलं आहे. कशाला घाई करून मीठ घालवतोस?"

"दुपारचं हाय ते."

"दुपारचं असो नाहीतर रात्रीचं. मीठ तेवढंच असणार ना पाण्यात?"

बाबांना माझं म्हणणं पटलं होतं असं मला आज वाटत नाही. पण मी त्यांचा शिकलेला मुलगा होतो. एवढ्या माणसांत त्यांनी मला खोटं पाडलं नाही. "बरं," ते म्हणाले. "पोरगा सांगतो तसं. दोन दिस थांबू."

तिसऱ्या दिवशी शेठचे मुनीम आले. त्यांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि थुंकले.

"मुकादम, हे आमटीत टाकायचं का जुलाबाला द्यायचं?"

एकाच नाही, सगळ्या पाचही वाफ्यांत तसंच झालं होतं. मी बाबांच्या शेजारी उभा होतो. थांबायला कोणी सांगितलं, असं मुनीमांनी विचारलं. बाबा म्हणाले, "मीच. बोटांना कललं नाय यंदा." आणि मी त्यांना तसं बोलू दिलं. आधी वाटलं, नळीच बिघडलेली असेल. ती मी गुपचूप कॉलेजात परत केली.

पुढच्या हंगामात शेठने दुसरा मुकादम आणला. बाबा त्याच मिठागरावर डोक्यावर टोपल्या वाहू लागले.

त्या दोन हंगामांच्या मध्ये, बारावीच्या सुरुवातीलाच, सरांनी वर्गात एक चंबू दाखवला. लांब, अरुंद मानेचा, मानेवर एक रेघ. रेघेपर्यंत मिठाचं पाणी भरलं आणि चंबू गरम पाण्याच्या भांड्यात धरला. थोड्या वेळाने पाणी रेघेच्या वर चढलं.

"आता सांगा," सर म्हणाले. "मीठ वाढलं का? नाही. पाण्याचं वजन वाढलं का? नाही. मग काय झालं? व्हॉल्यूम वाढला. म्हणजे लिटरमागे मीठ कमी झालं. तापलेलं द्रावण मोजाल तर ते आहे त्याहून पातळ दिसेल. ही गंमत नीट समजून घ्या, नुसती पाठ करू नका."

मागच्या बाकावर कोणीतरी जांभई दिली. मला तो वाफ्यातला चटका आठवत होता.

त्या दिवशी सांगायचं ठरवूनच घरी गेलो. बाबा ओट्यावर बसले होते. मी जवळ बसलो, तर तेच म्हणाले, "बरं झालं तू ती काच आनलीस. माजी बोटं गेली, ते कललं तरी. काच मोजून सांगते, ती चुकाची नाय; मागल्या खेपेचं कडू पानी माज्याच बोटांनी वाफ्यात ठेवलं असंल. नायतर अजून चार वर्सं लोकांचं नुकसान केलं असतं मी."

त्यांचा स्वर अगदी साधा होता. मी म्हणू शकलो असतो की काच चुकली नाही, बोटं चुकली नाहीत, मी चुकलो. पण मी हुशार आहे यावर घरात सगळ्यांचा विश्वास होता आणि तो मला सोडवेना. बारावी होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. मग बीएस्सी. मग नोकरी. आज मी एका औषधाच्या कारखान्यात हेच काम करतो, द्रावणं मोजतो, आणि प्रत्येक आकड्यापुढे तापमान लिहितो.

बाबांनी मात्र पुन्हा कशालाच हात लावून सांगितलं नाही. आमटीत मीठ बरोबर आहे का, हेही पहिल्या घासाला आईला विचारायचे. आई आधी चिडायची, नंतर न विचारताच सांगू लागली.

शेवटच्या आजारात ते घरीच होते. एका सकाळी मी त्यांच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. तापलेलं पाणी, चंबूची रेघ, वहीतली ओळ. म्हणालो, "बाबा, तुझी बोटं बरोबर होती. तू म्हणत होतास तेच पुस्तकात लिहिलेलं होतं. माझंच चुकलं."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"आता कशाला समजूत काढतोस पोरा," ते म्हणाले. "माजी बोटं मला ठाव हायत."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. त्यांनी हात चादरीखाली घेतला आणि आईला विचारलं, चहा झाला का.