धोंडिबाला सांगायचं कोणी?

सीझन चालू असताना किस्से नुसते घडतात, पिकतात ते सीझन संपल्यावर. मॅचच्या धावपळीत बोलायला कुणाला वेळ असतो? एप्रिल लागला, मैदान तापलं, की आमची पूर्णेची फुटबॉल टीम मेहबूबभाईंच्या हॉटेलात सावलीला येऊन बसते आणि एकेकाचं पोतं सुटतं. मी शाळामास्तर. पूर्वी लेफ्ट बॅक खेळायचो, आता मॅनेजर आहे. म्हणजे बॉलमध्ये हवा भरतो आणि शिव्या खातो.

मागच्या वर्षी जिल्ह्याच्या लीगमध्ये आम्ही शेवटून पहिले होतो. यंदा तिसरे आलो! त्यामुळे यंदाचे किस्से पोट धरून हसण्याचे असायला हवेत. आहेतही. पण सांगताना मध्येच एखादा मी गाळतो, त्याला इलाज नाही.

*

मेहबूबभाई हॉटेलवाले आणि आमच्या क्लबचे सेक्रेटरीसुद्धा. मागचं अख्खं वर्ष आम्ही मॅच खेळून आलो की ते "जीते क्या?" असं कधी विचारायचेच नाहीत. थेट, "कितने से?"

यंदा पहिलीच मॅच आम्ही दोन-एकनं जिंकलो. नाचत हॉटेलात शिरलो. मेहबूबभाईंनी किटलीवरची नजरही न काढता विचारलं, "कितने से?"

"दोन-एक!"

"चलो, इस बार कम से हारे!" म्हणाले आणि आमची समजूत काढायला बिस्किटांची बशी पुढं सरकवली.

आमचा कॅप्टन मिलिंद, रेल्वेत ट्रॅकमन आहे, तो ओरडला, "भाई, जिंकलोय आमी!"

मेहबूबभाईंनी आमच्या तोंडांकडं बघितलं, खात्री करून घेतली आणि बशी परत ओढली. "फिर बिस्कुट काय कू? वो तो हारने वालों का है!"

*

आमचा गोलकीपर धोंडिबा. धनगराचा, जवळच्याच वाडीचा, घरची मेंढरं. मी खेळत होतो तेव्हापासून गोलमध्ये तोच. आता चाळिशी ओलांडली, पण हात असे लांब, की पोरं म्हणायची धोंडिबा दोन्ही खांबांना एकदमच टेकतो. मॅचला त्याचा कुत्रा बरोबर असायचाच. गोलमागं गुपचूप बसायचा.

एका मॅचला समोरच्यांचा फॉरवर्ड एकटाच बॉल घेऊन आमच्या गोलकडं सुटला. डिफेन्समध्ये कोणी नाही. धोंडिबा सवयीनं "हुर्रर्र" करून ओरडला, आमच्या पोरांना मागं बोलवायला. पोरं आली नाहीत. कुत्रा आला! त्या फॉरवर्डला त्यानं असं गोल फिरून वळवलं, की तो बॉल तिथंच टाकून आपल्या दहा जणांत जाऊन उभा राहिला.

रेफ्री लालबुंद. "हा काय प्रकार आहे?"

धोंडिबा हात जोडून म्हणाला, "साहेब, कळपातून एकटं सुटलेलं दिसलं की त्यो वळवतोच. त्याला काय म्हाईत, कोन कोन्त्या टीमचं!"

रेफ्रीला राग आवरला, पण हसू काही आवरलं नाही.

*

डिसेंबरात धोंडिबाचा खांदा निखळला. मैदानातून बाहेर जाताना तो मला म्हणाला, "सर, दोन मॅच काढून घ्या कसंबी. म्या आलोच."

मिलिंदनं परभणीहून अक्षयला आणलं. कृषी विद्यापीठात शिकणारा एकवीस वर्षांचा पोरगा. दोन मॅचसाठी आला आणि सीझन संपेपर्यंत राहिला. खरं सांगायचं तर आम्ही तिसरे आलो ते त्याच्यामुळं. ज्या बॉलला धोंडिबा अलीकडं नुसता हात दाखवायचा, तो बॉल अक्षय छातीशी धरायचा. हे सगळ्यांना दिसत होतं. हात गळ्यात बांधून धोंडिबा दर मॅचला त्याच गोलमागं उभा राहायचा, आणि "डावीकडं! डावीकडं सरक बाळा!" असं त्याचं चालायचं.

सीझन संपला आणि अक्षय माझ्याकडं आला. म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी धोंडिबाकाका खेळणार असतील तर मी परभणीच्या टीमकडून खेळतो. ते गोलमागं आणि मी गोलमध्ये, हे पुन्हा नाही जमायचं मला."

पोरगं बरोबर बोललं. धोंडिबाचा खांदा आता बरा होत आलेला, आणि तो रोज फोन करून विचारायचा, "प्रॅक्टिस कव्हा?" म्हणजे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. मी, मिलिंद आणि मेहबूबभाई, तिघांची मीटिंग झाली. दोन तास चालली. ठराव एकच, धोंडिबाला सांगायचं. कोणी, ते ठरायच्या आत तिघांनाही अर्जंट कामं निघाली.

*

शेवटी कॅप्टन म्हणून मिलिंद गेला. ड्युटी संपवून मोटरसायकलवर वाडीला गेला आणि तासाभरात परत. चेहरा मोकळा!

"सांगितलं का?"

"सांगितलं की."

"काय सांगितलं?"

"सांगितलं, पुढच्या सीझनला नवीन जर्शा येनार हायेत." मग खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. "हे त्यांचं माप. खांदा जरा सैल ठिवा म्हनले, सूज हाय आजून."

*

मग मेहबूबभाई गेले. ते बोलण्यात पक्के. गिऱ्हाइकाला शिळा वडासुद्धा इज्जतीनं देतात. त्यांनी युक्ती काढली, धोंडिबाला कोच करायचं. मान राहील आणि जागाही मोकळी होईल.

खुशीत परत आले. "मान गया! मैं बोल्या, धोंडिबा, अब तुम उस्ताद. नये पोट्टे कू सिकाव."

"मग? काय म्हणाला?"

"बहुत खुस हुआ. बोल्या, उस्ताद बी लंगोट लगाता है, भाई. सिकातूं बी, खेलतूं बी!"

*

आता माझा किस्सा. हा मी हॉटेलात सांगत नाही.

तिसरे आलो त्याचा फ्लेक्स लावायचं ठरलं. काम माझ्याकडं. अकरा खेळाडूंचे फोटो, वर पाच पुढारी, त्यातल्या एकाचा भाचा, खाली मेहबूबभाई, कोपऱ्यात मी. चौकात लावला, नारळ फोडला, सगळ्यांनी मोबाइलवर स्टेटस ठेवले. दोन दिवसांनी मी शाळेतून येत होतो, तर फ्लेक्ससमोर धोंडिबा उभा. एकेक फोटो निरखत होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याचा फोटो टाकायचाच राहिला होता. गोलकीपर म्हणून अक्षयचा घेतला आणि माझ्या डोक्यात अकराचा हिशोब पुरा झाला. जो माणूस माझ्या मागं इतकी वर्षं उभा राहिला, तो मला आठवलाच नाही. मुद्दाम गाळला असता तर निदान काही कारण तरी सांगता आलं असतं. लाज वाटली. अजून वाटते.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "झकास झालाय, सर. फकस्त पुढारी लय झाले. बॉल कोनाला पास करायचा, ते कळंना."

मी हसलो. हसायला नको होतं.

"उतरवल्यावर मला द्या," जाताना म्हणाला. "कोकरांवर सावलीला व्हतंय."

*

आमच्याकडं शेतात मेंढरं बसवतात. कळप चार-आठ दिवस रानात मुक्कामी ठेवायचा, लेंड्यामुताचं खत आपोआप पडतं. आमच्या मैदानाला माळी नाही, खत नाही. जे काही हिरवं उगवतं ते धोंडिबाच्या मेंढरांच्या पुण्याईनं. दर उन्हाळ्यात मी नारळ घेऊन त्याच्या वाडीला जातो आणि रीतसर आवतन देतो. यंदा गेलो नाही. गेलो असतो तर ते सांगणंही आलं असतं. आज-उद्या करत अर्धा एप्रिल गेला.

एक दिवस सकाळीच मेहबूबभाईंचा फोन. "सर, मैदान भर गया मेंढ्यों से!"

मी गेलो. मैदानभर मेंढरं बसलेली आणि धोंडिबा खांबाला टेकून बिडी ओढत होता.

"कोन्ही बोलवलं न्हाई, तरी आलो," म्हणाला. "तुमची मीटिंग संपंस्तोर गवत थोडंच थांबतंय."

मी त्याच्याजवळ खाली बसलो. आज सांगायचंच, असं घरून ठरवून निघालो होतो. उन्हाचं बोललो. लोकरीचं बोललो. त्याच्या पोरीचं जमलं का विचारलं. यंदा पाऊस कसा म्हणतात, तेही विचारून झालं. तो सगळ्याला "हां" म्हणत राहिला. बिडी संपली.

"सर, तुमी आपल्या टीमच्या पेनल्टी मारायचात. प्रॅक्टिसला गोलमधी म्या असायचो. याद हाय का?"

"आहे की."

"बॉल ठिवायचात, अन् बुटाची लेस बांधायला खाली बसायचात. चांगली बांधलेली सोडून पुन्यांदा बांधायचात. मग आनखी एकदा. मारायचं जिवावर यायचं तुमच्या. अन् तिकडं गोलकीपर उभ्या उभ्या वाळायचा."

मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो.

धोंडिबा उठला. धोतराची धूळ झटकली, दोन मेंढरं बाजूला सारली आणि दोन्ही खांबांच्या बरोबर मधोमध जाऊन माझ्याकडं तोंड करून उभा राहिला.

"झाली आसंल बांधून तर मारा आता, सर," तो म्हणाला. "म्या हाय उभा."