छिन्नीची खूण

दर दिवाळीला आणि दर उन्हाळ्यात आम्ही नांदेडहून लातूरला आईच्या माहेरी जायचो, आमच्या जुन्या गाडीतून. परत येताना माळाकोळीच्या चढाला गाडी दम टाकायची. मग अप्पा, म्हणजे माझे वडील, ती थांबवायचे. आई आणि मी उतरून चालत वर जायचो, अप्पा रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये वर आणायचे. आई त्यासाठी कापडी चप्पल वेगळी ठेवायची. गाडीचा स्वभावच तसा, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

अप्पा बांधकाम खात्यात होते. दाराची बिजागरी बदलायची असली तरी आधी पेन्सिलीने रेघ मारायचे, मग स्क्रू काढायचे. मी बारावीत असताना त्यांनी अंगणात सतरंजी टाकून गाडीचं इंजिन पुढून खोललं आणि खडखडणारी चेन बदलली. मी नटबोल्ट डब्यांत क्रमाने लावून देत होतो. मोजून, लिहून काम करायची सवय मला तिथूनच लागली. त्यानंतर ते इंजिन कुणी उघडलं नाही. शेवटची नऊ वर्षं गाडी उभीच होती.

गेल्या वर्षी ती पुन्हा चालू करायचं ठरवलं. अप्पा आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही आणि ते त्यांना कळतं, म्हणून हल्ली कशावरही ठाम बोलत नाहीत. ठाम बोलायचे ते फक्त गाडीबद्दल. लातूरला जुनी इंजिनं बांधणारे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे काम दिलं. चेन बसवायच्या दिवशी अप्पांना घेऊन गेलो.

पिस्टन हलवणारा क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एक फेरा फिरतो. दोघांच्या दातेरी चक्रांवरून एकच चेन जाते. ती एक दात जरी मागेपुढे बसली तरी व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडतात. म्हणून चक्रांवर खुणा असतात. त्या समोरासमोर आणायच्या आणि मग चेन चढवायची.

मिस्त्रींनी कॅमचं चक्र रॉकेलने धुतलं तर त्यावर दोन खुणा निघाल्या. एक कारखान्याचा बारीक ठिपका. दुसरी छिन्नीची खोल रेघ, ठिपक्यापासून बरोबर एका दाताच्या अंतरावर.

"ही कुणी मारली?" मिस्त्रींनी विचारलं.

"मी," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "चेन काढायच्या आधी मारली. तिच्यावरच बसवा. त्या ठिपक्याच्या नादी लागू नका."

मी म्हणालो, "अप्पा, मोजून बघू."

"मोज की. मोजायला कोण नको म्हणलं?"

मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर तीनशे साठ अंश आखून आणले होते. पुठ्ठा क्रँकला लावला, चेन अप्पांच्या खुणेवर तात्पुरती चढवली आणि पाना धरून इंजिन हातानेच हळूहळू फिरवलं. पिस्टन पूर्ण वर पोचायच्या पाच अंश आधी हवेचा व्हॉल्व्ह उघडायला लागला पाहिजे, असं पुस्तकात होतं. तो उघडला पोचून गेल्यावर तेरा अंशांनी. मी तीनदा फिरवलं. तीनदा तेराच.

अप्पा तेवढ्यात नळावर गेले होते. मिस्त्री हळूच म्हणाले, "ठिपक्यावर बसवून टाकतो गुमान. झाकण लागलं की कोणाला दिसतंय? कशाला म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं?"

मला ते पटलंही होतं. एवढी एकच गोष्ट त्यांना खात्रीने आठवत होती. पण आकडा खोटा सांगायचा नाही, हे ज्यांनी शिकवलं त्यांनाच तो कसा सांगणार? ते परत येऊन बसले.

"किती आलं?"

"तेरा. पोचल्यानंतर."

"आणि पायजे किती?"

"पाच. पोचायच्या आधी."

अप्पांनी बोटांवर काहीतरी केलं. "अठरा. दाते किती चक्राला?"

"चाळीस."

"म्हणजे कॅमचे नऊ, क्रँकचे अठरा. पुरता एक दात." पुढे वाकून त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला. "चेन लई ढिली झाली होती. दात सोडून आधीच सरकली असणार. मी सरकलेल्या जागेवरच खूण मारली. आणि नवी चेनबी तिथंच बसवली."

चूक निष्काळजीपणाची नव्हती. खूण केल्याशिवाय खोलायचं नाही, या शिस्तीनेच ती पक्की केली होती. खुणेआधी कुणी मोजलं नव्हतं. शेजारी डबे लावत बसलेल्या मीही नाही.

"कानस द्या," अप्पा मिस्त्रींना म्हणाले. "ही रेघ राहिली तर पुढचा माणूस फसंल." मी चक्र धरलं आणि त्यांनी रेघ स्वतः घासून काढली. मग चेन ठिपक्यावर बसली. पुठ्ठ्यावर पाच अंश आले.

चार दिवसांनी तयार झालेली गाडी घेऊन येताना, माहेरी गेलेली आई मागच्या सीटवर होती. मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं मला उगंच चालविलं म्हणा!"

"हाव," अप्पा म्हणाले.

चढ लागला तशी आईने सवयीने पिशवीतून कापडी चप्पल काढली. इंजिनाचा आवाज बदलला नाही.

"राहू दे ती," अप्पा मागे न बघता म्हणाले. "बस तू."