सगळेच चावतात

माझी ताई हुशार आहे, यात वादच नाही. फक्त त्या हुशारीला धीर नाही. समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचं उत्तर तयार, आणि ते बहुतेक वेळा बरोबरही निघतं, म्हणून तिला कोणी काही बोलत नाही. मी बोलते. धाकटी बहीण असते कशाला?

ती वेबसाइट बनवते. पायथनमध्ये जँगो नावाचं काहीतरी आहे, त्याच्यावर हिचं पोट. आपल्यापेक्षा ती जँगोशीच जास्त बोलते, अशी भावोजींची तक्रार. जेवायच्या टेबलावर अर्ध्या भागात ताटं, अर्ध्यात लॅपटॉप. वाढताना कुणाचा हात जरा हलला की ही ओरडते, "अगं सांभाळ, सर्व्हर चालू आहे!" जसा काही सर्व्हर आमटीतच पडणार आहे.

मी काम करते लोकांनी सोडून दिलेल्या प्राण्यांच्या शेल्टरमध्ये. पिंजरे धुवायचे, खायला घालायचं, औषधं पाजायची. आमची वेबसाइट ताईनेच करून दिली. प्रत्येक प्राण्याचा फोटो आणि वय त्यावर असतं, लोक घरी बसून बघतात आणि आवडला तर न्यायला येतात. परवा आमच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "शांत आहे, लाजाळू आहे, असा स्वभावही दिसला तर बरं." ताई म्हणाली, "हात्तिच्या! चहा उकळेपर्यंत करते."

आणि केलंन्. डेटाबेसमध्ये 'स्वभाव' असा नवा रकाना घालायचा होता. आता ते जँगो पडलं चौकस. ते विचारतं, रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणतेस, तर जे प्राणी आधीपासून आहेत त्यांच्यापुढे काय लिहू? नेमकी त्या वेळी मी शेजारी बसून नव्या पिल्लाने माझ्या अंगठ्याचं काय केलंय ते दाखवत होते. हिने हसत टाइप केलं, 'चावतो'. तिच्या लॅपटॉपवर होते तीन खोटे प्राणी, चाचणीपुरते. त्यांचे स्वभाव तिने लगेच नीट भरले आणि विसरली. पण तो शब्द बदलाच्या फाइलीत तसाच लिहिलेला राहिला. ती फाइल तिने खऱ्या सर्व्हरवर चढवली, चालवली आणि चहा गाळला. खऱ्या सर्व्हरवर आमचं अख्खं शेल्टर होतं.

मी कामावर पोचते तर मॅनेजरबाई स्क्रीनकडे डोळे फाडून बघताहेत. ससा, चावतो. कासव, चावतो. ज्या बोक्याच्या तोंडात औषधाला दात नाही, तोसुद्धा चावतो. माझं हसून हसून पोट दुखायला लागलं. तेवढ्यात फोन वाजला.

फोन शिंपीकाकांच्या लेकीचा होता. शिंपीकाका म्हणजे बाजारामागच्या गल्लीत पँटची उंची कमी करून देणारे गृहस्थ. बायको गेल्यापासून तिथेच एकटे राहतात. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. ते गेले काही दिवस आमच्या म्हातारबाजवळ येऊन बसायचे. म्हातारबा हा आमचा सगळ्यात जुना कुत्रा. मागचे पाय अधू, एका डोळ्यात मोतीबिंदू. लोकांना हवी असतात पिल्लं, याला कोण विचारणार? माझ्यादेखत सगळे कुणाकुणाच्या घरी गेले आणि हा राहिला. आज काका त्याला कायमचा घरी नेणार होते. मला सकाळपासून दुसरं काही सुचत नव्हतं.

"चावणारा कुत्रा माझ्या वडिलांच्या गळ्यात बांधताय?" लेक कडाडली. "त्यांना काही झालं तर बघायला कोण आहे तिथे? रद्द करा ते." आणि फोन ठेवला.

मी ताईला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. ती म्हणाली, "ओरडू नकोस, आत्ता पुसते." आणि खरंच, मी खुर्चीत बसेपर्यंत सगळ्या प्राण्यांपुढचं 'चावतो' गायब! मी खुशीत लेकीला फोन केला, म्हटलं, बाई, चुकून पडलं होतं, बघा, आता नाहीये.

"अस्सं! मी फोन केल्यावर पुसलंत होय? आणखी काय काय पुसता?"

झालं! आगीतून फुफाट्यात. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

ताई धावतपळत आली, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. पाठोपाठ शिंपीकाका हजर. काखेत म्हातारबासाठी शिवलेली गादी, जुन्या पडद्याची, कडेला दुहेरी शिलाई. लेकीचे फोन त्यांनी उचललेच नव्हते, बसच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणाले. ताईने त्यांना रकान्यापासून सगळं समजवायला घेतलं. काका मान डोलवत होते, पण लक्ष सगळं म्हातारबाकडे. त्याने येऊन त्यांच्या बुटावर हनुवटी टेकली होती.

परत फोन वाजला, या वेळी काकांचा. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू.

"बाबा, आधी तिथून निघा. तो कुत्रा चावतो. लपवताहेत ते लोक."

काकांनी खाली बघितलं. "चावू दे गं," ते म्हणाले.

"अहो, काय बोलताय?"

"चावला तर चावला. घरात कोणीतरी असेल. दिवसभर शिवणाच्या मशीनशी बोलतो मी."

अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "कधी बोलला नाहीत ते, बाबा."

"तू कामात असतेस ना."

"थांबा तिथेच. मी येते."

मी पाण्याची बादली उचलून मागे गेले आणि भरपूर रडले. परत आले तर ताई भिंतीकडे तोंड करून उभी.

लेक आली ती ऑफिसच्या कपड्यांतच. ताई सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "चूक माझी आहे. मी घाईत लिहिलं. तो कसा आहे ते त्याच्याजवळ असणाऱ्या कोणाला विचारलंच नाही."

भांडण होणार म्हणून मी सावरून उभी राहिले. पण लेक वडिलांकडे बघत होती. "मी तरी कुठे विचारलं," ती म्हणाली.

निघायची वेळ झाली, तर म्हातारबाला काही लेकीच्या गाडीत चढता येईना. तिने हात पुढे केले, मागे घेतले, आणि हळूच विचारलं, "नक्की चावत नाही ना हा?"

"तू पुढून उचल," काका म्हणाले, "मागचे पाय मी धरतो."

त्या दिवशी काका गल्लीतल्या घरी गेलेच नाहीत. लेकीकडे जेवायला गेले, म्हातारबा आणि गादीसकट.