म्हशीचा जीव

वीसेक वर्षांपूर्वी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जायचो. तिथला एक गवळी ग्लासातच धार काढून द्यायचा. नाव कधी विचारलं नाही. तोही मला ‘पावणं’च म्हणायचा.

एकदा मी घरी परतताना त्याची म्हैस भर रस्त्यात अडली. मागे एसटीचा हॉर्न. गवळ्याने काखेतली काठी काढली नाही, नुसतं पायाशी बसलेल्या कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्याने तिच्या रेडकाला ढकलत पुढे नेलं, तशी म्हैस रेकत मागोमाग निघाली.

“कुणी शिकवलं?”

“कुणी न्हाय. आधी लई भुकला. मग गप बसून बघितलं की त्यानं, म्हशीचा जीव कुणात हाय ते!”

काही वर्षांनी पुन्हा गेलो. म्हैस रस्त्यात अडलेली, हॉर्न वाजत होते. गवळी काठी काखेतच धरून आपल्या पायाशी रिकाम्या जागेकडे बघत उभा होता.